पंचवीस अंकी संख्येचा वेध घेणारा देवळालीचा शिक्षक : दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर

भारतीय गणिताच्या इतिहासात मोठ्या संख्यांविषयीचे आकर्षण फार जुने आहे. बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी लीलावती या ग्रंथात एकं, दशं, शतं येथून आरंभ करून परार्धापर्यंतची स्थाननामे दिली. परार्ध म्हणजे एकावर सतरा शून्ये. विसाव्या शतकात नाशिकजवळच्या देवळाली येथे शाळेत शिकविणाऱ्या एका शिक्षकाने या परार्धालाही सात स्थानांनी मागे टाकणारी एक संख्या शोधून काढली. एकावर एकवीस शून्ये आणि त्यापुढे १०२, अशी ही पंचवीस अंकी संख्या आहे. संगणक हाताशी नसताना, केवळ कागद आणि पेन्सिल यांच्या साहाय्याने तिचा वेध घेणाऱ्या या शिक्षकाचे नाव दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर.

कापरेकर हे नाव आज जगभरातील गणितप्रेमींना परिचित आहे ते मुख्यत्वे ६१७४ या संख्येमुळे. तथापि त्यांचे कार्य या एका संख्येपुरते मर्यादित नाही. स्वयंभू संख्या, हर्षद संख्या, डेम्लो संख्या आणि स्वतः त्यांच्या नावाने ओळखली जाणारी कापरेकर संख्या अशा अनेक संकल्पना त्यांनी मांडल्या. पदव्युत्तर पदवी नाही, विद्यापीठातील पद नाही, संशोधनासाठी अनुदान नाही, अशा परिस्थितीत त्यांनी हे कार्य आयुष्यभर चालू ठेवले.

बालपण आणि शिक्षण

कापरेकर यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणू येथे झाला. त्या काळी ठाणे जिल्ह्यात असलेले हे गाव २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आहे. कापरेकर आठ वर्षांचे असताना त्यांचे मातृछत्र हरपले. त्यांचा सांभाळ वडिलांनी केला. वडील कारकुनाची नोकरी करीत आणि त्यांना फलज्योतिषाचा छंद होता. फलज्योतिषासाठी फार उच्च गणिताची आवश्यकता नसते, परंतु आकडेमोडीत मात्र पारंगत असावे लागते. घरात सतत चालणाऱ्या या आकडेमोडीमुळे मुलालाही आकड्यांची गोडी लागली.

माध्यमिक शिक्षण ठाणे येथे पूर्ण केल्यानंतर १९२३ मध्ये त्यांनी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात प्रवेश घेतला. केंब्रिज विद्यापीठात सीनियर रँग्लर हा बहुमान मिळविणारे पहिले भारतीय रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक विद्यार्थ्यांच्या स्वतंत्र गणिती कार्यासाठी दिले जात असे. १९२७ मध्ये हे पारितोषिक कापरेकर यांना मिळाले. १९२९ मध्ये ते मुंबई विद्यापीठाचे पदवीधर झाले. पुढे त्यांनी पदव्युत्तर शिक्षण घेतले नाही.

१९३० मध्ये ते देवळाली येथे शिक्षक म्हणून रुजू झाले आणि १९६२ मध्ये निवृत्त होईपर्यंत, म्हणजे सलग ३२ वर्षे, त्यांनी तेथेच अध्यापन केले. त्यांचे बहुतेक सर्व महत्त्वाचे संशोधन याच काळातील आहे. दिवसा वर्गात शिकवावयाचे आणि उरलेल्या वेळात संख्यांचा अभ्यास करावयाचा, असा त्यांचा क्रम होता.

संख्यांना नावे देणारा गणिती

कापरेकर यांच्या सुरुवातीच्या कार्यातील एक लक्षणीय प्रकार म्हणजे डेम्लो संख्या. या संख्यांची कल्पना त्यांना तत्कालीन जी. आय. पी. रेल्वेच्या डोंबिवली स्थानकावर सुचली आणि त्या स्थानकाच्या जुन्या नावावरून त्यांनी संख्यांना डेम्लो हे नाव दिले. १९३८ मध्ये त्यांनी या विषयावर लेख प्रसिद्ध केला. या संख्यांचे सर्वांत सोपे उदाहरण असे : ११ चा वर्ग १२१, १११ चा वर्ग १२३२१, तर नऊ वेळा १ लिहून होणाऱ्या संख्येचा वर्ग १२३४५६७८९८७६५४३२१. एकापासून नवापर्यंत चढत जाऊन पुन्हा एकापर्यंत उतरणारी ही सतरा अंकी संख्या पाहणाऱ्याचे लक्ष वेधून घेते.

ज्या संख्येला तिच्या स्वतःच्या अंकांच्या बेरजेने नि:शेष भाग जातो, तिला त्यांनी हर्षद म्हणजे आनंद देणारी संख्या असे संस्कृत नाव दिले. उदाहरणार्थ, १२ या संख्येतील अंकांची बेरीज ३ असून १२ ला ३ ने भाग जातो. श्रीनिवास रामानुजन यांच्यामुळे प्रसिद्ध झालेली १७२९ ही संख्याही हर्षद आहे. तिच्या अंकांची बेरीज १९ होते आणि १९ ला ९१ ने गुणले असता १७२९ ही संख्या मिळते. येथे १९ आणि ९१ या संख्या एकमेकींच्या उलट आहेत, हे विशेष.

कापरेकर संख्या या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संख्यांचा गुणधर्म वेगळा आहे. अशा संख्येचा वर्ग करून त्याचे दोन भाग पाडले आणि त्यांची बेरीज केली की मूळ संख्या परत मिळते. ४५ चा वर्ग २०२५ असून २० आणि २५ यांची बेरीज ४५ होते. २९७ चा वर्ग ८८२०९ असून ८८ आणि २०९ मिळून पुन्हा २९७ होतात. एक सप्तमांश या अपूर्णांकाच्या दशांश रूपात सतत आवर्तन पावणारे १४२८५७ हे अंक शाळेत सर्वांनीच पाहिलेले असतात. या संख्येचा वर्ग २०४०८१२२४४९ असा आहे. २०४०८ आणि १२२४४९ यांची बेरीज केली असता १४२८५७ हीच संख्या समोर येते. आवर्ती दशांश हा कापरेकर यांच्या विशेष आवडीचा विषय होता आणि १९५० मध्ये त्यांनी त्यावर स्वतंत्र पुस्तिकाही प्रसिद्ध केली.

कापरेकर स्थिरांक : ६१७४

कापरेकर यांना सर्वाधिक कीर्ती मिळवून देणारा शोध १९४६ मधील आहे. चार अंकी कोणतीही संख्या घ्यावी. चारही अंक सारखे नसावेत एवढीच अट. त्या अंकांची मोठ्यात मोठी आणि लहानात लहान मांडणी करून मोठीतून लहान वजा करावी. आलेल्या उत्तरावर तीच क्रिया पुन्हा करावी. जास्तीत जास्त सात वेळा असे केल्यावर ६१७४ ही संख्या येते आणि त्यानंतर कितीही वेळा क्रिया केली तरी उत्तर बदलत नाही.

स्वतः कापरेकर यांचे जन्मवर्ष १९०५ हे उदाहरण म्हणून घेता येईल. ९५१० मधून ०१५९ वजा केल्यास ९३५१ मिळतात. पुढील उत्तरे अनुक्रमे ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि ६१७४ अशी येतात. म्हणजे या वर्षाला ६१७४ पर्यंत पोहोचण्यास पूर्ण सात पायऱ्या लागतात. तीन अंकी संख्यांवर हीच क्रिया केल्यास ४९५ ही संख्या स्थिर राहते.

१९४९ मध्ये मद्रास येथे झालेल्या गणित परिषदेत कापरेकर यांनी हा शोध मांडला. न्यूयॉर्क येथून प्रसिद्ध होणाऱ्या स्क्रिप्टा मॅथेमॅटिका या नियतकालिकात १९५३ आणि १९५५ मध्ये त्यासंबंधीचे त्यांचे लेख प्रसिद्ध झाले. ६१७४ ला पुढे कापरेकर स्थिरांक असे नाव मिळाले.

स्वयंभू संख्या आणि संगम संख्या

गणिताच्या दृष्टीने अधिक खोल आणि दीर्घकाळ अभ्यासला गेलेला त्यांचा विषय म्हणजे स्वयंभू संख्या. पंचवीस अंकी संख्येचा शोध याच विषयाशी निगडित आहे.

कोणतीही पूर्ण संख्या घेऊन तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळविली की एक नवी संख्या तयार होते. २३ मध्ये २ आणि ३ यांची बेरीज ५ मिळविल्यास २८ होतात. २८ पासून ३८, ३८ पासून ४९, ४९ पासून ६२ आणि ६२ पासून ७० अशी ही साखळी पुढे चालू राहते. येथे २३ ही २८ ची जनक संख्या होय. मात्र काही संख्या अशा आहेत की त्यांना कोणतीही जनक संख्या नाही. ज्याप्रमाणे एखादे दैवत कोणी न घडविता प्रकट झाले असे मानून त्याला स्वयंभू म्हटले जाते, त्याचप्रमाणे या संख्यांना स्वयंभू हे नाव शोभून दिसते. शंभरपर्यंत अशा तेरा संख्या आहेत : १, ३, ५, ७, ९, २०, ३१, ४२, ५३, ६४, ७५, ८६ आणि ९७. त्यांना देवळाली संख्या असेही म्हटले जाते. आपल्या कर्मभूमीचे नाव गणितात नोंदविले जावे, हा मान देवळालीला या शिक्षकामुळे लाभला.

याउलट काही संख्यांना एकापेक्षा अधिक जनक असतात. १०१ ही अशी सर्वांत लहान संख्या आहे. ९१ मध्ये १० मिळविले तरी १०१ होतात आणि १०० मध्ये १ मिळविला तरी १०१ च होतात. दोन प्रवाह येऊन मिळावेत तशा या संख्या असल्याने त्यांना संगम संख्या म्हणता येईल.

येथे कापरेकर यांच्यासमोर स्वाभाविकच पुढचा प्रश्न उभा राहिला. तीन जनक असलेली सर्वांत लहान संख्या कोणती? तिचे उत्तर त्यांनी १,००,००,००,००,००,००१ असे दिले. भास्कराचार्यांच्या परिभाषेत ही संख्या एक शंकू अधिक एक अशी होते. तिचे तीन जनक पुढीलप्रमाणे आहेत. पहिला १,००,००,००,००,००,०००, ज्याच्या अंकांची बेरीज केवळ १ आहे. दुसरा ९९,९९,९९,९९,९९,९०१, ज्याच्या अंकांची बेरीज १०० आहे. तिसरा ९९,९९,९९,९९,९९,८९२, ज्याच्या अंकांची बेरीज १०९ आहे. प्रत्येकात त्याची अंकबेरीज मिळविली की तीच चौदा अंकी संख्या येते.

दोन जनकांची सर्वांत लहान संख्या अवघी तीन अंकी, तर तीन जनकांची थेट चौदा अंकी. मग चार जनकांची संख्या किती मोठी असेल? ७ जून १९६१ रोजी, निवृत्तीला थोडाच अवधी उरलेला असताना, कापरेकर यांनी या प्रश्नाचे उत्तर मिळविले. ती संख्या अशी : १०,००,००,००,००,००,००,००,००,००,००,१०२.

पंचवीस अंकी संख्येची रचना

ही संख्या अंदाजाने सापडण्यासारखी नाही. एक एक संख्या तपासत गेल्यास हजारो वर्षेही अपुरी पडतील. तिच्या रचनेमागील तर्क मात्र शालेय अंकगणिताच्या आवाक्यातील आहे.

या संख्येचे दोन जनक एकावर चोवीस शून्ये या संख्येच्या वर आहेत आणि दोन तिच्या खाली आहेत. वरच्या जनकांत आरंभीचा १ हा अंक कायम असतो. त्याचा एक वगळला तर उरलेल्या भागाने आपल्या अंकबेरजेसह १०१ व्हावयास हवे. १०१ चे दोन जनक ९१ आणि १०० हे आधीच ज्ञात आहेत. त्यामुळे शेवटी ९१ असलेली आणि शेवटी १०० असलेली, अशा दोन पंचवीस अंकी संख्या मिळतात.

खालच्या बाजूस चोवीस अंकी संख्या असून त्यात बहुतेक सर्व अंक ९ आहेत. चोवीस नवांची बेरीज २१६ होते. येथे हिशेब केल्यास प्रश्न ११३ या लहान संख्येचे जनक शोधण्यावर येतो आणि ११३ हीसुद्धा संगम संख्या आहे. ९७ आणि १०६ हे तिचे जनक आहेत. त्यावरून एकवीस वेळा ९ आणि पुढे ९०२, तसेच एकवीस वेळा ९ आणि पुढे ८९३ अशा दोन संख्या मिळतात. पहिलीच्या अंकांची बेरीज २०० आणि दुसरीच्या अंकांची २०९ होते. या बेरजा त्या त्या संख्येत मिळविल्या असता दोन्ही वेळा शेवट १०२ असलेली तीच पंचवीस अंकी संख्या येते.

म्हणजे १०१ आणि ११३ या दोन लहान संगम संख्यांची गाठ एका प्रचंड संख्येत घातली गेली आहे. डहाणूपासून रायपूरच्या तात्यापाऱ्यापर्यंत कोणत्याही मराठी घरातील शाळकरी मुलाला हा पडताळा वहीच्या एका पानावर घेता येतो. कापरेकर यांच्या गणिताचे हेच वैशिष्ट्य आहे. प्रश्न समजण्यास आणि पडताळण्यास सोपा, परंतु शोधून काढण्यास अत्यंत कठीण.

चार जनक आहेत हे दाखविणे आणि याहून लहान अशी दुसरी संख्या नाही हे सिद्ध करणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. कापरेकर यांनी दुसरी गोष्ट अनुमान म्हणून मांडली. तिची पूर्ण सिद्धता त्यांच्या हयातीत झाली नाही.

उपेक्षा आणि चिकाटी

कापरेकर यांच्या कार्याकडे त्या काळातील अनेक गणितज्ञांनी गांभीर्याने पाहिले नाही. त्यामागे केवळ पदव्यांचा अभिमान होता असे म्हणता येणार नाही. आक्षेपाला तात्त्विक बाजूही होती. संख्येचे अंक हे दशमान पद्धतीवर अवलंबून असतात. आठ किंवा बारा या पायावर संख्या लिहिल्या तर ६१७४ चे वैशिष्ट्य उरत नाही. रामानुजन यांचे मार्गदर्शक जी. एच. हार्डी यांनी १९४० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात अंकांच्या अशाच काही चमत्कारांचे दाखले देऊन, त्यांत गणितज्ञाला मोलाचे वाटावे असे फारसे काही नाही, असे मत नोंदविले होते. ८७१२ ही २१७८ च्या चौपट असते, हा त्यांपैकीच एक दाखला. अंकांची उलटापालट हा तर कापरेकर यांच्या अभ्यासाचा गाभा होता.

या वातावरणात कापरेकर यांनी आपले कार्य नेटाने पुढे नेले. गणिताच्या परिषदांना ते स्वखर्चाने उपस्थित राहत आणि आपले निबंध वाचत. अनेक पुस्तिका त्यांनी स्वतःच प्रसिद्ध केल्या. स्वयंभू संख्यांवरील त्यांची महत्त्वाची पुस्तिका निवृत्तीनंतर १९६३ मध्ये देवळाली येथूनच निघाली. विद्यार्थ्यांमध्ये मात्र त्यांना मान होता आणि महाविद्यालयांतून व्याख्यानांसाठी त्यांना निमंत्रणे येत असत.

निवृत्तीनंतरचे दिवस सुखाचे नव्हते. तुटपुंज्या निवृत्तिवेतनावर निर्वाह होत नसल्याने त्यांना गणित आणि विज्ञान या विषयांच्या शिकवण्या घ्याव्या लागल्या. १९६६ मध्ये त्यांच्या पत्नीचे निधन झाले. या काळातही संख्यांचा अभ्यास त्यांनी सोडला नाही.

जागतिक मान्यता

मार्च १९७५ मध्ये परिस्थिती पालटली. अमेरिकेतील विख्यात लेखक मार्टिन गार्डनर यांनी सायंटिफिक अमेरिकन या मासिकातील आपल्या लोकप्रिय सदरात कापरेकर आणि त्यांच्या संख्या यांचा परिचय करून दिला. गार्डनर यांचे सदर जगभरातील गणितज्ञ आणि हौशी अभ्यासक आवर्जून वाचत असत. वयाच्या सत्तराव्या वर्षी कापरेकर यांचे नाव अशा रीतीने सर्वदूर पोहोचले. त्यानंतर अनेक देशांतील अभ्यासक या विषयाकडे वळले. एकूण पूर्ण संख्यांमध्ये स्वयंभू संख्यांचे प्रमाण नगण्य नसून निश्चित धन प्रमाण असते, असे इटलीचे गणितज्ञ उंबेर्तो झानिए यांनी १९८२ मध्ये सिद्ध केले.

१९८६ मध्ये कापरेकर यांचे निधन झाले.

साठ वर्षांनी लागलेला निकाल

पंचवीस अंकी संख्येचा प्रश्न मात्र खुलाच होता. तत्पूर्वी १९६६ मध्ये नरसिंग राव यांनी पाच जनक असलेली एक संख्या दाखविली होती. एकावर सुमारे १ लाख ११ हजार कोटी शून्ये देऊन होणाऱ्या संख्येत १०२ मिळविले असता ती संख्या तयार होते. ती कागदावर पूर्ण लिहिणे कोणत्याही मनुष्याला शक्य नाही. चार जनकांची संख्या पंचवीस अंकांत मावते आणि पाच जनकांसाठी एवढी प्रचंड झेप घ्यावी लागते, यावरून या विषयाची खोली लक्षात येते.

अखेर डिसेंबर २०२१ मध्ये मॅक्स अलेक्सेयेव, डोनोव्हन जॉन्सन आणि नील स्लोन या गणितज्ञांनी कापरेकर यांच्या संगम संख्यांवर शोधनिबंध सादर केला. कितीही जनक असले तरी त्या प्रकारची सर्वांत लहान संख्या ठरविण्याची पद्धत त्यांनी दिली. ती केवळ दशमान पद्धतीपुरती नसून कोणत्याही पायावर लागू पडते. कापरेकर यांनी १९६१ मध्ये दिलेले उत्तर त्यामुळे अचूक सिद्ध झाले. नरसिंग राव यांची संख्याही बरोबर ठरली.

या निकालाचे महत्त्व दुहेरी आहे. देवळालीतील शिक्षकाचे अनुमान साठ वर्षांनी सत्य ठरले, ही त्याची एक बाजू. दुसरी बाजू अशी की, ज्या प्रश्नांना केवळ अंकांचा खेळ मानून बाजूला सारले गेले होते, त्यांच्यामागे सर्व संख्यापद्धतींना व्यापणारी रचना असल्याचे यातून दिसून आले. हार्डी यांच्या काळातील आक्षेपाला एवढे उत्तर पुरेसे आहे.

कापरेकर यांचे स्मरण आज प्रामुख्याने शाळांमधून होते. ६१७४ ची वजाबाकी गणिताच्या वर्गात मुलांकडून करून घेतली जाते आणि गणिताची भीती कमी करण्याचे काम ती संख्या निमूटपणे करते. २०२५ या वर्षी, ४५ च्या वर्गाचे निमित्त साधून, कापरेकर संख्यांची पुन्हा चर्चा झाली. बत्तीस वर्षे वर्गात उभे राहून शिकविलेल्या या शिक्षकाचे विद्यार्थी आज जगातील प्रत्येक देशात आहेत, असे म्हटल्यास ते वावगे ठरणार नाही.